गरमी झाली म्हणजे नेमकं काय झालं

माझ्या भाच्याचं लग्न एका शब्दावर अडलं होतं. मानपान नाही, पत्रिका नाही, देणंघेणं नाही. शब्द होता ‘गरमी’, आणि तो माझ्याच घरातून गेला होता.

भाचा संग्रामपूरचा, माझ्या बहिणीचा मुलगा. हार्वेस्टर चालवतो. होळीच्या सुमाराला मशीन घेऊन मध्य प्रदेशात गव्हाच्या कापणीला जातो आणि तिकडचं काम आटोपलं की मे महिन्यात परततो. यंदा आला तो काळाठिक्कर पडून, आणि लघवीला आग होते म्हणत. मुलगी वरवट बकालची. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालेलं, बस्त्याचा दिवस ठरलेला. त्या दिवशी दोन्हीकडची माणसं कापड खरेदीला गेली आणि नवरदेव मात्र सोनाळ्याला माझ्या घरी पोटाशी पाय घेऊन पडला. मुलीच्या आईने फोन करून विचारलं, जावई काऊन आले नाहीत? माझ्या बायकोने सरळ उत्तर दिलं, “काही नाही हो, त्याले जराशी गरमी झाली.”

तिच्या माहेरी उन्हाने लघवीला आग झाली की गरमीच म्हणतात. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, पळसाची फुलं रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी, एवढ्यावर ती उतरते. भाच्याचीही तीन दिवसांत उतरली. चौथ्या दिवशी तो पुरणपोळी मागत होता.

पाचव्या दिवशी मुलीच्या वडिलांचा फोन आला. “पाव्हणे, तारखेचं जरा थांबा.”

“काऊन? काय झालं?”

“थांबा म्हणजे थांबा. एकदा येऊन जा.”

सोनाळ्याला माझं कृषी केंद्राचं दुकान आहे. पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली, एकराला बियाण्याची किती पाकिटं, हे सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. ‘टाका अंदाजे’ असं मी गिऱ्हाइकाला कधी म्हणत नाही. त्यामुळे ‘थांबा म्हणजे थांबा’ हे उत्तर मला पचेना. बायकोला विचारलं, तू नेमकं काय बोललीस? तिने शब्दन् शब्द सांगितलं आणि वर म्हणाली, “गरमीले गरमी म्हटलं. मंग काय थंडी म्हणू?”

उलगडा दुसऱ्या दिवशी दुकानात झाला. बियाण्याची चौकशी करायला चार-पाच जण बसले होते. मी कुणाचं नाव न घेता विचारलं, “गरमी कशानं होते हो?”

“तापल्या दगडावर बसल्यानं,” एक जण लगेच म्हणाला.

“दगडानं मूळव्याध होते बे. गरमी होते तापल्या जमिनीवर लघवी केल्यानं. वाफ वर चढते.”

“वाफेनं होत असती तर भात शिजवणाऱ्या साऱ्या बाया दवाखान्यात राह्यल्या असत्या.”

“स्टँडवरच्या संडासानंही होते. माह्या साडभावाले झाली.”

“तुह्या साडभावानं सांगितलं असंन तसं बायकोले.”

हसण्याचा भर ओसरल्यावर कोपऱ्यातले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “तुम्ही पोट्टे कोणत्या गरमीची गोष्ट करून राह्यले? आमच्या वक्ताले गरमी म्हणजे बाहेरख्याली माणसाचा रोग. चट्टे उठत, फोड येत. हा शब्द निघाला की बाया उठून घरात जात.”

मी विचारलं, “अन् उन्हाची?”

“ते उन्हाळी. ते वेगळी.”

“पण तो रोग चांगल्या घरच्याले होत नाही,” साडभाववाला म्हणाला. “अन् झाला तर पाह्यलं की कळते. तोंडावर तेज राहत नाही.”

त्यावर सगळ्यांनी नकळत एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग बियाण्याचा विषय काढला.

म्हणजे वरवटला माझ्या बायकोने फोनवरून सांगितलं होतं की तुमचा होणारा जावई परमुलखातून गुप्तरोग घेऊन आला आहे, आणि तेही ‘जराशी’ म्हणून. मी घरी जाऊन तिला हे सांगितलं तेव्हा ती आधी “अवो माय!” म्हणाली. नंतर पदर तोंडाला लावून इतकी हसली की मलाही हसू आवरेना. हसून झाल्यावर मात्र तिनेच विचारलं, “पण तुम्ही त्याले पुसलं का? खरंच कुठं गेला तर नव्हता?”

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. मी ते मागे ढकलत होतो.

दुपारी भाचा कूलरसमोर पडला होता. मी स्टूल ओढून बसलो आणि जसं मला येतं तसं विचारलं. “तू बाहेरच्या बाईकडे गेला होता का? कधी, अन् किती वेळा?”

तो उठून बसला. “मामा, तुम्ही तर फवारणीचं पुसल्यावानी पुसून राह्यले.”

“मले दुसरं पुसता येत नाही.”

त्याने कूलरच्या जाळीकडे तोंड केलं. “यंदा नाही,” तो म्हणाला. “मागच्या साली, एकदा. मशीनवरचे दोघं गेले, त्याइच्या संगं मीही गेलो. साक्षगंधाच्या पहिले. तवा काहीच झालं नाही मामा, आंगावर एक पुटकुळीसुद्धा नाही. हे तर उन्हानं झालं. अन् आता तेही गेलं.”

मला ते पटलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण मी हिशेबी माणूस. एका वर्षात काही दिसलं नाही, आता आग थांबली, दोन्ही बाजू शून्य, म्हणजे बेरीज शून्य, असा मी सरळ हिशेब केला. भाच्याला म्हटलं, “तू चाल माह्या संगं. उन्हाळी होती, उतरली, असं सांगू अन् तारीख घेऊन येऊ.”

“अन् त्याइनं पुसलं तर?”

“खोटं बोलायचं नाही. तिले पुसायचं असंन तर ते तिनं तुले पुसावं. बाकीच्याइचा त्यात हक्क नाही.”

आम्ही मोटारसायकलवर वरवटला गेलो. मुलीचे वडील अंगणात वाट पाहत होते. त्यांचे वडील, म्हणजे मुलीचे आजोबा, ऐंशीच्या पुढचे, पांढरं स्वच्छ धोतर नेसून खाटेवर बसले होते. पाणी झालं, चहा झाला, पाऊस यंदा कधी येईल हे झालं, कापसाचं कोणतं बियाणं चांगलं हेही झालं. मूळ विषयाला कुणी हात घालेना.

शेवटी मुलीचे वडील म्हणाले, “पोराची तब्येत कशी आहे?”

“ठणठणीत.”

“म्हणजे ते जे होतं...”

“ते उतरलं.”

“ते उतरते म्हणा. पण ते कोणतं होतं?”

“उन्हाचं होतं.”

“पण वहिनी म्हणल्या की...”

“तिच्या माहेरी तसं म्हणतात.”

“कसं म्हणतात?”

“तसंच.”

एवढं बोलून आम्ही दोघंही घामाघूम झालो. दाराआड उभ्या असलेल्या मुलीला ते सहन झालं नसावं. ती बाहेर आली. पदवी झालेली, आता कसल्याशा परीक्षेची तयारी करणारी, आवाज खणखणीत. “बाबा, तुम्ही दोघं कोणता रोग म्हणून राह्यले ते तरी सांगा. नाहीतर परीक्षेत आल्यावर मला लिहिता येणार नाही.”

“तू आत जा,” वडील म्हणाले.

“लग्न माझं आहे ना? मग मी आत जाऊन काय करू?” ती माझ्याकडे वळली. “मामाजी, त्यांनी तपासणी केली का?”

“त्रास थांबला आता. तपासून काय निघणार?”

“मागच्या वर्षी कपाशीवर फवारायचं औषध घ्यायला मी बाबांसोबत तुमच्या दुकानात आली होती. तुम्हीच म्हणाले होते, बोंड वरून हिरवंगार दिसते म्हणून भरोसा ठेवू नका, चार बोंडं फोडून पाहा, गुलाबी अळी आत राहते. म्हणाले होते ना?”

“हो, म्हणालो होतो.”

“मग माणसाचं काय वेगळं असते?”

 ते वाक्य मी प्रत्येक हंगामात शंभर लोकांना ऐकवतो.

“दोघंही रक्त तपासून घेऊ,” ती म्हणाली. “त्यांचंही आणि माझंही.”

आता तिच्या वडिलांचा आवाज चढला. “तुह्या रक्ताले काय झालं? चांगल्या घरची पोर असली तपासणी करते का? उद्या गावात काय म्हणतीन?”

तेवढ्यात खाटेवरचे आजोबा काठी टेकत उठले आणि मला म्हणाले, “बापू, मले जरा गोठ्याकडे ने. अन् त्या दोघाइले इथंच बोलू द्या. तू घरात जाय बे,” हे शेवटचं पंचावन्न वर्षांच्या मुलाला. तो मुकाट्याने आत गेला.

गोठ्यात एक म्हैस रवंथ करत होती. आजोबा बाजेवर टेकले. मला वाटलं, आता ते नकार देतील. म्हणून मी आधीच सुरुवात केली, “बाबाजी, आमच्या घरच्यांचा तो शब्द चुकला...”

“शब्दावरूनच मले समजलं. या घरात त्या शब्दाचा अर्थ फक्त मले माहीत होता.” मग म्हशीकडे पाहत म्हणाले, “मले झाली होती ते.”

मी बादली उलटी करून त्यांच्यासमोर बसलो.

“लग्नाच्या पहिले. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले होतो, शहरात. एक फोड आला. दुखत नव्हता, म्हणून मी साधाच समजलो. एका वैदूनं काळी पुडी देली. फोड गेला. मी वैदूले नारळ देला, घरी आलो, लग्न केलं. आंगानं असा धट्टाकट्टा की मले काही झालं होतं हे मीच विसरलो.” त्यांनी काठीने जमिनीवर एक रेघ ओढली. “पहिलं लेकरू मेलेलं झालं. दुसरंही. माही माय म्हणे, सून पांढऱ्या पायाची आहे. गाव म्हणे. मीही ऐकून घेतलं. मंग अकोल्याच्या एका डॉक्टरनं दोघाइचं रक्त पाह्यलं अन् मले बाजूले घेऊन सांगितलं, हे तुह्याकडून गेलं तिच्याकडे. तिले एक डागही नव्हता. दोघाइले इंजेक्शनं देली. त्याच्या मंग हा झाला, जो आता घरात पाठवला.”

“आजीले सांगितलं होतं?”

“डॉक्टरनं सांगायले लावलं. आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी माह्या मायच्या पुढं उभी राहून म्हणे, आत्याबाई, पाय माहे नाही पांढरे. बस, एवढंच म्हणे. माय मरेपर्यंत कोड्यात राह्यली.” आजोबा हसले, आणि हसताना त्यांचे डोळे भरून आले. “मी लग्न तोडा म्हणलो नव्हतो, बापू. मी पोराले म्हणलो, पुसून घ्या अन् तपासून घ्या. त्यानं अर्धंच ऐकलं. माह्या नातीनं तिच्या आजीसारखं भोगू नये, एवढंच मले पाह्यजे. अन् हे सांग कोणालेही. नाव नोको घेऊ.”

म्हणून नाव घेतलेलं नाही.

आम्ही परत आलो तेव्हा अंगणात मुलगी एका टोकाला आणि भाचा दुसऱ्या टोकाला उभा होता. त्याने तिला सगळं सांगितलं होतं हे त्याच्या कानांच्या रंगावरून कळत होतं. तिचा चेहराही लाल होता, पण तो वेगळा लाल. ती माझ्याशी बोलली, त्याच्याशी नाही. “मामाजी, सोमवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. त्यांना सांगा, वेळेवर या.”

तो तीन हात अंतरावर उभा होता. मी त्याच्याकडे वळून म्हटलं, “सोमवारी, वेळेवर.”

“हाव,” तो म्हणाला.

सोमवारी आम्ही गेलो. डॉक्टरीण बाई चाळिशीच्या, बोलण्यात घाई नव्हती. मी दुकानातून प्रश्न जमा करून नेले होते आणि बसल्या बसल्या विचारून घेतले. हा रोग तापलेल्या दगडाने होतो का? नाही. जमिनीच्या वाफेने? नाही. स्टँडच्या संडासाने?

“काका, संडास घाण असेल तर दुसरं बरंच काही होईल. हे नाही. हे संबंधातून होतं, काही रोग रक्तातून होतात आणि काही आईकडून बाळाला.”

“एका ताटात जेवल्यानं?”

“नाही. जेवू द्या त्यांना एका ताटात.”

भाच्याने मान खाली घातली. मुलगी खिडकीबाहेर पाहत होती, पण तिच्या ओठांचा कोपरा हलला. सकाळपासून पहिल्यांदाच.

“पण मॅडम, त्याला वर्षभर काहीच दिसलं नाही.”

“पुष्कळांना दिसत नाही. काहींना फोड येतो, तोही न दुखणारा, आणि काही केलं नाही तरी आपोआप बरा होतो. लोकांना वाटतं रोग गेला. तो आतच असतो. आणि लघवीची आग उन्हाने, पाणी कमी पिऊन, खड्याने, साध्या जंतूने किंवा यातल्या एखाद्या रोगानेही होते. नुसतं पाहून मलाही सांगता येत नाही, म्हणून तपासायचं.”

“मग आज तपासलं की शंभर टक्के कळेल?”

“कोणता रोग, आणि धोका कधी घडला, त्यावर अवलंबून आहे. एकाच तपासणीत सगळे रोग कळत नाहीत. काहींचं रक्तात दिसायला काही आठवडे जातात. गरज असेल तर पुन्हा बोलावू. औषध लागलंच तर दोघांनाही पाहावं लागतं. एकालाच दिलं आणि दुसरा तसाच राहिला, तर रोग पुन्हा घरी येतो. बरेच रोग औषधाने पूर्ण बरे होतात, आणि एचआयव्हीसारखे जे होत नाहीत त्यांनाही औषध आहे.” मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही यांचे कोण?”

“मुलाचा मामा.”

“मग बाहेर बसा.”

“मीच यांना घेऊन आलो...”

“म्हणूनच आभार. आता बाहेर बसा. पुढचं त्या दोघांचं आहे.”

मी बाहेर बाकावर बसलो. रिपोर्टच्या दिवशीही तिथेच बसलो. दाराचा पडदा पंख्याने हलायचा आणि आतलं काहीच ऐकू यायचं नाही. शेजारी एक बाई खोकल्याच्या औषधासाठी थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, “कोण आजारी आहे?” मी म्हटलं, “मले सांगितलं नाही.” त्यांनी बाक बदलला.

त्या दिवशी बऱ्याच वेळाने दोघं बाहेर आले. भाच्याच्या हातात घडी केलेला कागद होता. माझी नजर तिकडे गेली तशी मुलीने तो त्याच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकून चेन ओढली. आता ती त्याच्याशी बोलत होती. निदान रागावत तरी होती. “पाणी पिऊन घ्या आधी. डॉक्टर काय म्हणाल्या? आणि मशीनवर पाच लिटरचा जार न्यायचा यापुढे.”

“नेतो.”

“नेतो म्हणणारे सगळेच असतात.”

मला राहवलं नाही. “काय निघालं?”

“मामाजी, तुळशीचं लग्न झालं की त्याच्या नंतरची तारीख काढा,” ती म्हणाली.

“आषाढाच्या आधीचीही निघते.”

“नंतरचीच काढा.”

आता यावर मी किती विचार केला, ते काय सांगू. तुळशीच्या लग्नानंतर का? तिची परीक्षा म्हणून? काही औषध चालू करायचं म्हणून? डॉक्टरीण बाईंनी पुन्हा तपासायला बोलावलं म्हणून? की ज्याने तिला अंगणात ते सांगितलं, त्याला थोडं तिष्ठत ठेवायचं म्हणून? चारही कारणं मांडून पाहिली, एकही वगळता येईना. बायको म्हणते, “पुसून घ्या ना भाच्याले.” मी नाही विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा आकडा समोर असून पाहिला नाही, आणि आश्चर्य म्हणजे त्याने माझं काही अडलं नाही.

दवाखान्यातून आम्ही थेट वरवटला गेलो. मुलीचे वडील दारातच उभे होते. मी म्हटलं, “तारीख तुळशीच्या लग्नानंतरची.” ते म्हणाले, “पण निघालं काय?” मी म्हटलं, “तारीख निघाली.” त्यांनी मुलीकडे पाहिलं, मुलीने पर्स काखेत घट्ट धरली आणि ती आत गेली, तिच्या मागोमाग भाचाही.

आजोबा खाटेवर होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, “दोघंही गेले होते?”

“हो बाबाजी, दोघंही.”

“दोघाइलेही डॉक्टरनं सांगितलं? एकमेकाइच्या समोर?”

“समोरासमोर. मले बाहेर काढलं.”

त्यांनी रिपोर्टचं काही विचारलं नाही. पाय लांब केले, उशी पाठीशी घेतली आणि आतल्या मुलाला आवाज दिला, “अबे, पाव्हण्याले नुसता चहा काय पाजतं? जेवाले वाढ. अन् त्या दोघाइले एकाच ताटात वाढजो, डॉक्टरनं चालते म्हणलं असंन तर.”

आतून भांडं पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ भाच्याच्या हसण्याचा.